बाबासाहेब कोलंबियात सुखी होते काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील बुद्धविहारांतून गुणवंतांच्या सत्काराचे कार्यक्रम सुरू होतात. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला पुष्पहार, त्रिशरण-पंचशील, मग मुलामुलींना गुलाबाचे फूल, वही-पेन, एखादे पुस्तक. त्यानंतर वक्ते उभे राहतात. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, विलायतेत अर्धपोटी राहून त्यांनी पदव्या मिळवल्या, तेव्हा तुम्हीही कष्ट सोसा, असा उपदेश होतो. मुले टाळ्या वाजवतात, आयाबाया डोळे पुसतात. कार्यक्रम संपतो.

यातली काही मुले आता खरोखरच मोठ्या ठिकाणी पोहोचू लागली आहेत. कोणी पवईच्या आयआयटीत, कोणी देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, कोणी दिल्लीच्या विद्यापीठांत. कालपर्यंत शहापूरचे सोनूभाऊ बसवंत महाविद्यालय किंवा मुरबाडजवळचे शिवळ्याचे महाविद्यालय हीच ज्यांच्या शिक्षणाची सीमा होती, त्या वस्त्यांतील ही पोरे आहेत. कोणी कसारा लोकलने आसनगाव-आटगावहून निघतो, कोणी मुरबाडहून एस. टी. ने कल्याण गाठतो. घरातून निघताना आईवडिलांचे प्रश्न ठरलेले असतात. फी किती? वसतिगृह मिळेल काय? शिष्यवृत्ती कधी जमा होईल? पुढे नोकरी लागेल काय? पोर तिथे सुखी राहील काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. विचारलाच तर तो भरल्या पोटाच्या लोकांचा प्रश्न आहे, असे म्हणून बाजूला सारला जातो. बाबासाहेबांनी कुठे सुख पाहिले, असा सवाल वर केला जातो.

आमच्या मते हा सवालच तपासून पाहण्याची वेळ आलेली आहे. ज्या महामानवाच्या नावाने आपण मुलांना सोसायला सांगतो, तो महामानव स्वतः विद्यार्थी म्हणून अनेक नामांकित विद्यालयांतून गेला. मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज, न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, लंडनची लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन, काही काळ जर्मनीतील बॉन विद्यापीठ. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात तर ते प्राध्यापक होते. यापैकी ते कुठे सुखी होते, कुठे नव्हते आणि का, हे त्यांच्या चरित्रातूनच पाहू या.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे सुभेदार रामजींचे चौदावे अपत्य. साताऱ्याच्या शाळेत हा मुलगा वर्गात बसायचा तो घरून आणलेल्या गोणपाटावर, इतरांपासून वेगळा. तहान लागली तर शिपायाने येऊन वरून पाणी ओतायचे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. पुढे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आले आणि भीमरावांचे नाव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातले गेले. ही सरकारी आणि नावाजलेली शाळा. मुंबई शहर, इंग्रज सरकारची शाळा, तेव्हा इथे तरी जात आड येणार नाही असे वाटावे. पण फळ्यावर गणित सोडवायला भीमराव उठले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून सवर्ण मुलांनी धावत जाऊन ते बाजूला केले. संस्कृत शिकण्याची इच्छा होती, ती शिकू दिली नाही. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या काळात अस्पृश्य समाजातील मुलाने मॅट्रिक होणे ही एवढी मोठी गोष्ट होती की त्यासाठी सत्काराची सभा झाली. सी. के. बोले अध्यक्ष होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाच्या हाती दिले. आज आपण विहारात जे सत्कार करतो, त्यांची परंपरा अशी तिथपर्यंत जाते. परंतु केळुसकर गुरुजी पुस्तक देऊन घरी निघून गेले नाहीत. पुढच्या शिक्षणाला पैसा कमी पडू लागला तेव्हा त्यांनीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत हा विद्यार्थी नेला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. सत्कारानंतरही पाठीशी उभा राहणारा माणूस म्हणजे काय, हे इथे ध्यानात ठेवावे.

एल्फिन्स्टन कॉलेज हे त्या काळी मुंबई इलाख्यातील अग्रगण्य कॉलेज. प्रवेश मिळालेला होता. शिष्यवृत्ती मिळालेली होती. प्राध्यापक म्युलर यांच्यासारखा सहृदय शिक्षक लाभला, त्यांनी आपली पुस्तके आणि कपडेही दिले. आज आपण एखाद्या मुलाविषयी बोलताना एवढ्यावरच समाधान मानतो. प्रवेश झाला, पैशाची सोय झाली, मास्तर चांगला आहे, अजून काय पाहिजे? परंतु त्याच कॉलेजातला हॉटेलवाला या विद्यार्थ्याला चहा देत नव्हता, पाणीही देत नव्हता. दिवसभर वर्गात बसायचे, इंग्रजी वाङ्मय आणि अर्थशास्त्र ऐकायचे, आणि मधल्या सुट्टीत तहानलेले राहायचे. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर त्यांना प्रवेश मिळाला होता, समावेश मिळाला नव्हता. या दोन शब्दांतले अंतर ज्याने भोगले त्यालाच कळते.

बी. ए. झाल्यावर ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, सुभेदार रामजींचे निधन झाले. ज्या बापाने कर्ज काढून पुस्तके पुरवली, पहाटे उठवून अभ्यासाला बसवले, तो गेला. पुढे सयाजीराव महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवायचे ठरवले आणि त्यात भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करार झाला. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, ही अट. जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले. वय २२ वर्षे. घरी पत्नी रमाई आणि लहानगा यशवंत.

कोलंबिया हे तेव्हाही जगातील श्रीमंत आणि प्रतिष्ठित विद्यापीठांपैकी एक होते. तिथे सुरुवातीला या तरुणाला सगळेच जमले असे नाही. वसतिगृहातले अन्न मानवले नाही, राहण्याची जागा बदलावी लागली. अखेर लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहू लागले. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती. त्यातून स्वतःचा खर्च भागवायचा, घरी पैसे पाठवायचे आणि उरलेल्यातून जुन्या बाजारात पुस्तके विकत घ्यायची. जेवणावर शक्य तेवढा कमी खर्च. नाटक-तमाशे, चैन यांना फाटा. ग्रंथालय उघडण्यापूर्वी दारात आणि बंद होईपर्यंत आत.

असा माणूस सुखी होता काय? आमचे उत्तर आहे, होय. निःसंशय होय. आणि हे आम्ही भक्तिभावाने म्हणत नाही. स्वतः बाबासाहेबांनी १९३० साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रात लिहून ठेवले आहे की आयुष्यातले आपले सर्वांत चांगले मित्र म्हणजे कोलंबियातले काही सहाध्यायी आणि तिथले थोर प्राध्यापक होत. जॉन ड्युई, जेम्स शॉटवेल, एडविन सेलिग्मन आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन ही नावे त्यांनी तिथे कृतज्ञतेने घेतली. १९३० साल लक्षात घ्या. महाडचा सत्याग्रह होऊन गेला होता, नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू होता, गोलमेज परिषद भरलेली होती. एवढ्या धामधुमीत, एवढ्या मोठ्या सार्वजनिक जीवनानंतर, माणसाला मित्र म्हणून आठवतात ते विद्यापीठातले लोक!

हे सुख कशाचे होते? पैशाचे तर नव्हतेच. ते टेबलाचे होते. इतरांच्या शेजारी बसून एकाच टेबलावर जेवता येत होते आणि कोणी ताट उचलून दुसरीकडे जात नव्हते. ते नवल भथेनांसारख्या मित्राचे होते, ज्याच्यासोबत एका छताखाली झोपता येत होते. ते दाराचे होते. प्राध्यापकाच्या खोलीचे दार, वर्गाचे दार, ग्रंथालयाचे दार. ज्या मुलाला गावातल्या पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्याला जगातील ज्ञानाच्या साठ्यावर हात ठेवण्याची मुभा होती. म्हणून अठरा तास अभ्यास झाला. आपण सांगताना हे उलटे सांगतो. आपण म्हणतो, त्यांनी दुःख सोसले म्हणून अठरा तास अभ्यास केला. आमचे म्हणणे असे की, माणूस म्हणून मोकळा श्वास घेता आला म्हणून तो अभ्यास होऊ शकला.

त्याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे. १९१५ साली एम. ए. झाल्यानंतर, ९ मे १९१६ रोजी, प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातिसंस्थेची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यावर निबंध वाचला. तेव्हा ते २५ वर्षांचे होते. ज्या गोष्टीने लहानपणापासून छळले, तीच गोष्ट अभ्यासाचा विषय म्हणून त्यांनी सर्वांसमोर मांडली आणि विद्वानांनी ती ऐकून घेतली. हा जातीचे रडगाणे गातो, असे त्यांना कोणी म्हटले नाही. हा वर्गात राजकारण आणतो, अशी तक्रार कोणी केली नाही. आपले दुःख शहाणपणाच्या भाषेत बोलता येणे आणि ते ऐकले जाणे, यासारखे विद्यार्थ्याचे दुसरे सुख नाही.

मग अमेरिका हा स्वर्ग होता काय? मुळीच नाही. कोलंबियाच्या शेजारीच हार्लेम ही काळ्या लोकांची वस्ती उभी राहत होती. दक्षिणेकडील राज्यांत काळ्यांसाठी वेगळी शाळा, वेगळा डबा, वेगळा नळ असे कायदेच होते. बाबासाहेब ज्या १९१३ साली तिथे उतरले, त्याच वर्षी अध्यक्ष विल्सन यांच्या राजवटीत सरकारी कचेऱ्यांतून काळे-गोरे वेगळे बसवण्यास सुरुवात झाली. म्हणजे ज्या देशाने आमच्या बाबासाहेबांना टेबलावर बसवले, तो देश स्वतःच्या काळ्या लेकरांना टेबलावरून उठवीत होता. बाबासाहेब हे विसरले नाहीत. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे नेलेल्या त्यांच्या गाऱ्हाण्याची प्रत मागवली होती. तेव्हा सुख हे इमारतीत नसते, देशातही नसते. आपल्या कपाळावर हीनपणाचा शिक्का तिथे वाचला जातो की नाही, यावर ते अवलंबून असते.

पुढचा प्रवास पाहा. १९१६ साली ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये नाव घातले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून १९१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईला परतावे लागले. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती युद्धात पाणतीराने बुडवली गेली. पोट मारून जमवलेली पुस्तके समुद्रात गेली.

करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर गेले. चार-पाच वर्षांच्या परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. बडोदा स्टेशनवर उतरल्यावर प्रश्न पडला, राहायचे कुठे? हिंदू हॉटेल घेणार नाही. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. कचेरीत शिपाई लांबून कागद टाकीत. प्यायला पाणी मिळत नव्हते. अकराव्या दिवशी डझनभर पारशी लाठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढले. एका हिंदू मित्राकडे विचारले, एका ख्रिस्ती मित्राकडे विचारले, दोघांनीही टाळले. शेवटी सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून, रात्रीची गाडी पकडून हा कोलंबियाचा विद्वान मुंबईला परतला. न्यूयॉर्कमध्ये एक पारशी त्यांच्यासोबत एका वसतिगृहात राहिला आणि बडोद्यात पारशांनीच लाठ्या उगारल्या. माणसे कुठल्या जातीधर्माची आहेत याने तेवढा फरक पडत नाही, ती कुठल्या व्यवस्थेत उभी आहेत याने पडतो.

समाजबांधवांनो, इथे एका गोष्टीकडे लक्ष द्या. बाबासाहेबांनी बडोद्याचा अपमान सोसत बसून दहा वर्षे काढली नाहीत. ते निघून आले. ज्यांना मुलांनी निमूट सोसावे असे वाटते, त्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

१९१८ च्या नोव्हेंबरपासून १९२० च्या मार्चपर्यंत ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांची व्याख्याने ऐकायला दुसऱ्या कॉलेजांचे विद्यार्थी येत. असा प्राध्यापक! तरी प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातील पाणी त्यांनी पिऊ नये, असा आक्षेप काही सहकारी प्राध्यापकांनी घेतला. आम्ही शहापूरचे लोक या प्रसंगाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतो. मुंबईला तानसाचे पाणी १८९२ पासून जाते आणि तानसा आमच्या तालुक्यात आहे. पुढे वैतरणा आणि भातसाचेही पाणी गेले. आजही उन्हाळ्यात आमच्या पाड्यांतल्या बाया टँकरची वाट पाहतात आणि धरणाचे पाणी शहराला जाते. डोंगरातले पाणी सगळ्या मुंबईला चालते, परंतु त्या पाण्याला आमच्या माणसाचा हात लागलेला चालत नाही, हा हिशोब जुना आहे.

सिडनहॅमच्या पगारातून पैसे साठवून, नवल भथेनांकडून पाच हजार रुपये कर्ज घेऊन आणि राजर्षी शाहू महाराजांच्या मदतीने ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. जाण्यापूर्वी ३१ जानेवारीला ‘मूकनायक’ सुरू झाला होता आणि मार्चमध्ये माणगावची परिषद झाली होती. लंडनमधले दिवस मात्र उपासाचे. घरमालकीण कंजूष. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा. मग ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाचन, दुपारचे जेवण नाही. रात्री भूक असह्य झाली की मित्राने दिलेले चार पापड भाजून त्यावर रात्र काढायची. पैसे संपले की नवल भथेनांना पत्र लिहायचे आणि त्रास देत असल्याबद्दल क्षमा मागायची. १९२१ साली एम. एस्सी. झाले. १९२२ साली रुपयाच्या प्रश्नावरील डी. एस्सी. चा प्रबंध सादर केला, तर परीक्षकांना त्यातली साम्राज्याच्या धोरणावरील टीका रुचली नाही. त्यांनी तो पुन्हा लिहून आणायला सांगितले. १९२३ च्या एप्रिलमध्ये पैशाअभावी मुंबईला परतावे लागले, इथे बसून प्रबंध नीट केला आणि वर्षअखेर पदवी मिळाली.

ही जी उपासमार आहे, तीच आपल्या सत्कार सभांतून सांगितली जाते. ती खरी आहे आणि सांगितली पाहिजे. परंतु भुकेचे दुःख आणि अपमानाचे दुःख ही दोन वेगळी दुःखे आहेत, हे सांगायचे राहून जाते. लंडनमध्ये बाबासाहेब भुकेले होते, परंतु ग्रंथालयातली खुर्ची त्यांची होती आणि तिथून त्यांना कोणी उठवीत नव्हते. पहिले दुःख त्यांनी हसत सोसले. दुसऱ्या दुःखाविरुद्ध त्यांनी जन्मभर लढा दिला. आपण मात्र मुलांना दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून देतो आणि बाबासाहेबांसारखे सोस म्हणतो. हा बाबासाहेबांवर अन्याय आहे आणि मुलांवरही.

दुसरीही एक बाजू आहे. न्यूयॉर्क-लंडनमध्ये बाबासाहेब शिकत होते तेव्हा मुंबईत संसाराचा गाडा रमाई ओढीत होत्या. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. त्या शिक्षणाची किंमत रमाईंनी मोजली. आज मुरबाडच्या एखाद्या गावात आई भातलावणीला जाते, बाप वीटभट्टीवर राबतो आणि पोरगा आयआयटीत शिकतो. या पोराला तिथे त्रास झाला तर तो घरी सांगेल काय? सांगणार नाही. आईच्या हाताचे घट्टे त्याला आठवतात. घरून फोन आला की बरे चालले आहे म्हणतो. मौनाचे हे ओझे पुस्तकांच्या ओझ्याहून भारी असते.

वकिलीच्या आणि चळवळीच्या निमित्ताने अशी मुले आमच्याकडे येतात. मागे मुरबाड तालुक्यातला एक मुलगा असाच आला. एका नामांकित संस्थेत शिकणारा, पहिल्या सत्रानंतर घरी आला तो परत जायला तयार नव्हता. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. पहिल्याच आठवड्यात प्रवेश परीक्षेतला क्रमांक विचारला गेला आणि त्या आकड्यावरून जात ओळखली गेली. नंतर गटात घ्यायला कोणी तयार होईना. मेसमध्ये गर्दी संपल्यावर तो एकटाच जेवायला जाऊ लागला. गुन्हा दाखल करावा असे कागदावर काही नव्हते. आम्ही त्याला लेखी टिपण करायला लावले, तारीखवार. दुसऱ्या शहरात शिकणाऱ्या आपल्याच समाजातील एका वरिष्ठ विद्यार्थ्याशी त्याची गाठ घालून दिली. तो परत गेला. त्या वरिष्ठाचा दर रविवारी येणारा फोन आमच्या अर्जापेक्षा जास्त कामाला आला, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

सगळ्यांचे असे होत नाही. २०१६ साली हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला, २०१९ साली मुंबईत वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण घेणारी आदिवासी समाजातील डॉ. पायल तडवी, २०२३ साली पवईच्या आयआयटीतला दर्शन सोळंकी ही लेकरे आपण गमावली. त्याआधी २००७ साली प्रा. सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्समधील परिस्थिती सरकारपुढे मांडली होती. वसतिगृहात, मेसमध्ये, खेळाच्या मैदानावर आणि परीक्षेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वेगळे पाडले जाते, हे त्या अहवालात आहे. एल्फिन्स्टनच्या हॉटेलवाल्याला शंभर वर्षे होऊन गेली, तरी त्याचे दुकान बंद झालेले नाही.

यावर कायदा काय म्हणतो? संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे, त्यात २०१५ च्या दुरुस्तीने शिक्षणसंस्थेतील अडवणुकीचाही समावेश झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली उच्च शिक्षणात समानतेसाठी नियम केले, समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्यास सांगितले. ते पाळले जात नाहीत म्हणून रोहित आणि पायल यांच्या मातांना २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. कोर्टातली लढाई लढलीच पाहिजे. परंतु मुलाला मित्र मिळवून देण्याचा आदेश कुठलेही न्यायालय काढू शकत नाही, हे वकील म्हणून आम्हाला ठाऊक आहे. ते काम समाजाचे आहे.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. परदेशातून परतल्यावर बहिष्कृत हितकारिणी सभेने जी पहिली कामे हाती घेतली, त्यात १९२५ साली सोलापूरला काढलेले विद्यार्थी वसतिगृह होते. पुढे ठाणे, नाशिक, पुणे, धारवाड अशा ठिकाणी वसतिगृहे झाली. आमचे ठाणे त्यात आहे, याचा अभिमान बाळगावा. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद करून घेतली आणि विद्यार्थी परदेशी पाठवले. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय, जे पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आले. सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची संसद होती, जिथे मुले उभी राहून वाद घालीत. ज्याला स्वतः कोलंबियात बोलता आले, त्याने आपल्या मुलांना बोलता येईल अशी जागा निर्माण केली. शाळेसोबत वसतिगृह, पुस्तकासोबत सोबती, हे त्यांचे सूत्र होते.

मग आज शहापूर-मुरबाडमध्ये आपण काय करू शकतो? प्रत्येक विहाराने आपल्या गावातून बाहेर शिकायला गेलेल्या मुलामुलींची यादी ठेवावी. बौद्ध वस्तीतली तशीच आश्रमशाळेतून वर आलेली कातकरी, ठाकूर, महादेव कोळी मुलेही त्या यादीत असावीत. प्रत्येक मुलामागे नोकरीला लागलेला, शिकलेला एक माणूस नेमावा. त्याने महिन्याला नव्हे, आठवड्याला फोन करावा आणि गुण विचारण्याआधी जेवलास काय, कोणासोबत जेवलास, हे विचारावे. शिष्यवृत्तीचा हप्ता रखडला तर वर्गणी काढून तात्पुरती सोय करावी. तक्रार करायची वेळ आली तर ती लेखी करावी, तारखा लिहून ठेवाव्यात आणि तालुक्यातील आपल्या वकिलांनी फी न घेता उभे राहावे. आणि एखादे पोर म्हणाले की आता सहन होत नाही, तर त्याला भित्रा म्हणू नये. त्याला घरी येऊ द्यावे, उपचाराची गरज असेल तर डॉक्टरकडे न्यावे, दुसरी वाट शोधून द्यावी. पदवी पुन्हा मिळवता येते. बाबासाहेबांनीही लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत येऊन, तीन वर्षांनी तो पुन्हा सुरू केलाच होता.

१९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी खंत व्यक्त केली, ती आपण दरवर्षी भाषणातून ऐकतो. ती खंत आपल्यातल्या नोकरदारांसाठी, वकिलांसाठी, प्राध्यापकांसाठी आहे. बाबासाहेबांना केळुसकर गुरुजी मिळाले, सयाजीराव मिळाले, शाहू महाराज मिळाले आणि नवल भथेना मिळाले. एवढी माणसे पाठीशी होती तेव्हा कुठे एक विद्यार्थी समुद्र ओलांडून गेला आणि ताठ मानेने परत आला. आपल्या खेड्यातून निघणाऱ्या पोराच्या पाठीशी आज कोण आहे?

यंदा सत्काराच्या कार्यक्रमात बाबासाहेबांचे अठरा तास जरूर सांगा. त्यासोबत लिव्हिंग्स्टन हॉलमधला त्यांचा सोबतीही सांगा. आणि मुलाच्या हातात पुस्तक ठेवताना त्याला विचारा, बाळा, तू तिथे सुखी आहेस काय? उत्तर येईपर्यंत थांबा.

जयभीम!